हांसजारू आणि नऊ दिवस

मागच्या भागाखाली दोन-तीन जणांनी विचारलं होतं, की तू नेहमी लढाया आणि तहच का सांगतेस, जरा हलकंफुलकं काहीतरी घे ना. घेतलं. आजचा विषय आहे मुलांची विनोदी पुस्तकं. म्हणजे खरं तर एकच पुस्तक. ऑडिओ ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग.

सुरुवात माझ्या फ्लॅटमधून करते. माझी फ्लॅटमेट कोलकात्याची. तिची आठ वर्षांची भाची रोज रात्री व्हिडिओ कॉल करते. तिला मी मावशी लागते, आणि बंगालीत मावशीला म्हणतात ‘माशी’. रोज रात्री नऊला कोणीतरी मला प्रेमाने माशी म्हणून हाक मारतं, त्याची मला आता सवय झालीये. तर ही एकदा म्हणाली, माशी, तू ‘आबोल ताबोल’ वाचलं नाहीस? आणि तिचा चेहरा असा झाला, की जणू मी वरण-भात कधी खाल्लाच नाही असं सांगितलं होतं. मग तिने कॉलवरच एक कविता म्हणून दाखवली. शब्द निम्मे कळले नाहीत. पण म्हणताना ती स्वतःच इतकी हसली की फोन हातातून पडला.

तिला ते पुस्तक शाळेने लावलेलं नव्हतं. शेजारच्या दादाने सांगितलं होतं, त्याला त्याच्या आजोबांनी. पुस्तकाला आता शंभरहून जास्त वर्षं झाली आणि अजून ते एका पोराकडून दुसऱ्या पोराकडे असंच पोचतंय. हे कोणी लिहिलं म्हणून शोधायला गेले आणि सापडला एक इंजिनिअर. बरं, डिग्री इंजिनिअरिंगची नाही, पण माणूस आपल्याच जातकुळीतला.

नाव सुकुमार राय. हो, सत्यजित रायचे वडील. पण आधी सुकुमारच्या वडिलांकडे जावं लागेल, कारण सगळी गडबड तिथून सुरू होते.

उपेंद्रकिशोर रायचौधुरी. जन्म 1863. चित्रं काढायचे, व्हायोलिन वाजवायचे, मुलांसाठी लिहायचे. त्यांनी मुलांसाठी रामायण लिहिलं आणि त्यात स्वतःची चित्रं घातली. पुस्तक छापून आलं तेव्हा चित्रांचा पार चिखल झालेला. आता आपण काय केलं असतं? प्रकाशकाला चार शब्द सुनावले असते. ह्या माणसाने इंग्लंडहून यंत्रसामग्री मागवली आणि 1895 मध्ये स्वतःचा ब्लॉक बनवण्याचा धंदाच उघडला!

इथे दोन मिनिटं टेक्निकल बोलते, स्किप करू नका. छापखान्यात शाई लागते किंवा लागत नाही, मधलं काही नसतं. म्हणजे शून्य आणि एक. मग फोटोतला करडा रंग छापायचा कसा? फोटो काचेच्या जाळीतून घ्यायचा. त्यामुळे चित्राचे बारीक बारीक ठिपके होतात. गडद भागात मोठे ठिपके, उजळ भागात छोटे. लांबून पाहिलं की डोळा फसतो आणि करडा रंग दिसतो. ह्याला हाफटोन म्हणतात. घरी जुना पेपर असेल तर त्यातला फोटो मोबाईल कॅमेऱ्यात झूम करून बघा, ठिपके दिसतील. ही जाळी प्लेटपासून किती अंतरावर ठेवायची, लेन्सच्या डायफ्रॅमची भोकं कोणत्या आकाराची हवीत, हे तेव्हा बरेचसे लोक अंदाजपंचे करायचे. उपेंद्रकिशोरांनी त्यामागचं गणित बसवलं, आणि कोलकात्यात बसून लिहिलेले त्यांचे लेख ‘पेनरोज’ ह्या ब्रिटिश छपाई-वार्षिकात छापून आले.

आणि हे सगळं कशासाठी? तर मुलांच्या पुस्तकातली चित्रं नीट यावीत म्हणून. मला हे फार आवडतं. आपण उत्तम टेक्नॉलॉजी जाहिराती दाखवायला वापरतो. असो.

1913 मध्ये त्यांनी मुलांसाठी मासिक काढलं, ‘संदेश’. संदेश म्हणजे निरोप, आणि संदेश म्हणजे ती बंगाली मिठाईसुद्धा. नावातच खाऊ ठेवलेला.

आता सुकुमार. जन्म 1887. प्रेसिडेन्सी कॉलेजमधून फिजिक्स आणि केमिस्ट्रीत बीएस्सी. कॉलेजच्या दिवसांत ह्याने मित्रांना जमवून ‘नॉन्सेन्स क्लब’ काढला. त्यांचं हस्तलिखित मासिक होतं, नाव ‘साडेबत्तीस भाजा’. रस्त्यावर मिळणाऱ्या चिवड्यासारख्या एका खाऊवरून ठेवलेलं. 1911 मध्ये स्कॉलरशिप घेऊन तो विलायतेला गेला, लंडन आणि मँचेस्टरला फोटोग्राफी आणि छपाईचं तंत्र शिकला. पुढे 1922 मध्ये रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचा फेलो झाला. म्हणजे सीव्ही बघा: सायन्सची पदवी, फॉरेन ट्रेनिंग, टेक्निकल पेपर्स. आमच्याकडे असा मुलगा असता तर घरच्यांनी स्थळं बघायला घेतली असती आणि ‘कविता वगैरे नंतर’ असं ऐकवलं असतं.

1913 मध्ये तो परत आला. 1915 च्या डिसेंबरात वडील गेले. छापखाना आणि ‘संदेश’ दोन्ही त्याच्या अंगावर पडलं. दिवसा ब्लॉक, शाई, बिलं. आणि दर महिन्याला मासिकाची पानं भरायची, त्यात कविता स्वतःच्या, चित्रंही स्वतःची.

त्यातल्या एका कवितेत तो प्राण्यांची खिचडी करतो. बदक अधिक साळिंदर. बंगालीत हांस आणि शजारू, म्हणून हांसजारू. बगळा आणि कासव मिळून बकच्छप. हे तर आपल्यालाही न समजावता कळतं, बक आणि कच्छप! हत्ती आणि तिमी मासा मिळून हातिमि. आणि गंमत चित्रात आहे. चित्र इतकं सराईत, की हांसजारू खरंच कुठेतरी तळ्याकाठी राहत असेल असं वाटतं. रोज मर्ज कॉन्फ्लिक्ट सोडवणाऱ्या माणसाला ही कविता दाखवा, त्याच्या डोळ्यांत पाणी येईल.

दुसऱ्या एकीत हेड ऑफिसचा मोठा साहेब आहे. एकदम शांत माणूस. एके दिवशी खुर्चीतून उडी मारून ओरडायला लागतो, माझी मिशी चोरली! लोक आरसा दाखवतात, मिशी जागेवर आहे. तर हा आणखी भडकतो. असली घाणेरडी मिशी माझी असूच शकत नाही म्हणतो. तुमच्या ऑफिसात असा एक तरी असेल. नाव घेऊ नका, बॉस ऐकत असेल.

आणखी एकीत एका काकाने यंत्र काढलंय. ते खांद्याला अडकवायचं, त्यातून तोंडापुढे खाऊ लटकतो. तुम्ही खायला पुढे जाता, खाऊही पुढे जातो, अशा नादात मैलोन्मैल चालणं होतं. ह्यालाच आजकाल आपण अप्रेझल म्हणतो.

मुलं ह्यातलं ऑफिस, साहेब वगैरे बघतच नाहीत. त्यांना मिशी पुरते. पण मोठ्यांना दुसरंही काही ऐकू येत होतं. एका कवितेत असा देश आहे, जिथे पाय घसरून पडलं तर शिपाई पकडून नेतो आणि एकवीस रुपये दंड होतो. संध्याकाळी सहाच्या आत शिंकायचं तर तिकीट काढावं लागतं. मिशीवर कर आहे. काळ कोणता? रौलट कायदा आणि असहकाराच्या आसपासचा. अनेकांनी ह्या कवितेत इंग्रजी राज्याचे कायदे वाचलेत. सुकुमारने मात्र कुठे तसं म्हटलेलं नाही, तो आपला शिंकेबद्दलच बोलतोय. आणि शिंकेवर राजद्रोहाचा खटला भरायचा तरी कसा?

गद्यात त्याचं ‘ह-ज-ब-र-ल’ आहे. तिथे एक कावळा पाटीवर हिशोब करत बसलाय. सात दुणे चौदा म्हटलं तर तो म्हणतो, तू बोललास तेव्हा चौदा पूर्ण झालेच नव्हते, तेव्हा तेरा रुपये चौदा आणे तीन पै होते. वेळेवर लिहून घेतलं नसतं तर आता चौदाच्या वर गेलं असतं. मी हे वाचलं तेव्हा नुकताच फ्लोटिंग पॉइंटच्या एका बगवर दोन दिवस घालवला होता. हसू की रडू कळेना.

आता मंडळी, हलकंफुलकं म्हणून सुरू केलेल्या भागाचा जड तुकडा.

1921 च्या मे महिन्यात सुकुमारला मुलगा झाला. त्याच वर्षी सुकुमारला काळा आजार जडला. वाळूमाशीच्या चावण्यातून होणारा ताप. प्लीहा वाढते, माणूस वाळत जातो. बंगाल आणि आसामात तेव्हा त्याने गावंच्या गावं रिकामी होत होती. खात्रीचा इलाज नव्हता. आणि नेमक्या त्याच वर्षांत, त्याच कोलकात्यात, कॅम्पबेल हॉस्पिटलमध्ये उपेंद्रनाथ ब्रह्मचारी नावाचे डॉक्टर अँटिमनीपासून बनवलेल्या एका औषधावर काम करत होते. युरिया स्टिबामिन. पुढे त्याने लाखो लोक वाचले. पण ते सरसकट वापरात यायला अजून काही वर्षं होती.

अडीच वर्षं तो अंथरुणात होता. आणि त्या अडीच वर्षांत त्याने काय केलं, तर हसवलं. ‘संदेश’साठी लिहीत राहिला, चित्रं काढत राहिला. जुन्या कविता निवडून पुस्तक जुळवलं, मुखपृष्ठ स्वतः केलं, पानांची मांडणी स्वतः ठरवली. ऑगस्टच्या शेवटी रवींद्रनाथ त्याला भेटायला आले आणि त्याच्या उशाशी बसून गायले. पुस्तकासाठी त्याने शेवटी एक कविता ठेवली, पुस्तकाच्याच नावाची. इतर कवितांसारखीच खुळी आहे ती, पण तिच्या शेवटी डोळ्यांवर झोप येते आणि गाणं संपतं. ती भाची ही कविता म्हणत नाही. म्हणाली, ही हसायची नाहीये.

10 सप्टेंबर 1923 ला सुकुमार गेला. वय 35. ‘आबोल ताबोल’ छापून आलं 19 सप्टेंबरला. नऊ दिवसांनी. ज्या माणसाचं घराणंच छापखान्याचं, ज्याने शेकडो पुस्तकांच्या ब्लॉकवरून हात फिरवला असेल, त्याने आपलं हे पुस्तक बांधून झालेलं पाहिलं नाही.

पुढचं पटकन सांगते. काही वर्षांत धंदा बसला, ‘संदेश’ थांबलं, गडपार रोडवरचं 100 नंबरचं घर सोडावं लागलं. आज त्या इमारतीत शाळा भरते, आणि मला वाटतं ह्याहून बरं काही होऊ शकलं नसतं. सुकुमारचा मुलगा वडील गेले तेव्हा पुरता अडीच वर्षांचाही नव्हता. त्याला वडील भेटले ते ह्या पुस्तकांतून, बाकीच्या पोरांना भेटले तसेच. तो मोठा होऊन जगप्रसिद्ध दिग्दर्शक झाला, आणि 1961 मध्ये त्याने कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासोबत ‘संदेश’ परत सुरू केलं. सिनेमातून वेळ काढून त्यासाठी लिहायला लागला. फेलूदाची पहिली गोष्ट 1965 मध्ये त्यातच आली. तोच फेलूदा, जो अशोक जैनांनी मराठीत आणला आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत असताना फडशा पाडला. म्हणजे आपण फेलूदा वाचत होतो तेव्हा नकळत त्या ठिपक्यांच्या जाळीपर्यंत पोचलो होतो. 1987 मध्ये सत्यजितने वडिलांवर अर्ध्या तासाची डॉक्युमेंटरी केली. वेळ काढून नक्की बघा.

मी लहान असताना आमच्याकडे पुस्तक म्हणजे काहीतरी शिकवणारं हवं असा नियम होता. वाचून काय मिळालं, हे बाबा विचारायचे, आणि ‘हसले’ हे उत्तर चालायचं नाही. मग मी काहीतरी बोधबिध जुळवून सांगायचे. त्यात माझा हात इतका बसला की आता स्टेटस मीटिंगमध्ये कामी येतो.

भाचीने मागच्या आठवड्यात विचारलं, तुमच्याकडे असं काही नाही का? मी विंदा करंदीकरांचं ‘एटू लोकांचा देश’ काढलं आणि माझ्या मोडक्या हिंदीत सांगायला लागले. पाच मिनिटांत तिने थांबवलं. म्हणाली, माशी, हिंदी नको, तुझ्या भाषेतच म्हण, मला हसायला येतंय की नाही ते मी बघते.

म्हटलं. दुसऱ्या कडव्याला फोन पडला.

पुढच्या भागात पुन्हा लढाई आहे, काळजी नसावी. भेटूच.