वैवाहिक क्रूरता : फौजदारी कारवाई

पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी विवाहितेचा शारीरिक वा मानसिक छळ केल्याबद्दल चालणारा खटला. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेची कलमे ८५ व ८६ लागू आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड.

आत्महत्येस प्रवृत्त करणारे किंवा शरीरास वा मानसिक आरोग्यास गंभीर इजा पोहोचवणारे हेतुपुरस्सर वर्तन, तसेच माहेराहून पैसे आणण्यासाठीचा छळ क्रूरतेत मोडतो (पहा : हुंडा). मानसिक छळाचे वळ अंगावर उठत नाहीत. त्यामुळे माहेरच्या माणसांचे व शेजाऱ्यांचे जबाब निर्णायक ठरतात.

पूर्वी मारझोड सासरी झाली म्हणून फिर्यादही तिकडेच द्यावी, असे सांगितले जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या रूपाली देवी निकालानंतर (२०१९) चित्र बदलले. सासर पुण्याला वा सुरतेला असले, तरी देवळ्याला (जि. नाशिक) माहेरी आश्रय घेतलेली विवाहिता वस्तुस्थितीनुसार देवळा पोलीस ठाण्यातच गुन्हा नोंदवू शकते. तालुक्याच्या गावातील स्त्रीसाठी ही मुभा फार मोलाची आहे.

वरील कलमे विवाहितेसाठी आहेत; विवाहाविना, पण विवाहासारख्या सहजीवनातील स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश मिळू शकतो. तो मोडणे हा गुन्हा आहे (पहा : कौटुंबिक हिंसाचार).