दोन बाटल्या

औषधाची बाटली उघडताना आपण न कळत अनोळखी कारखानदारावर भरवसा टाकतो. तो भरवसा मोडला, की त्या कारखानदाराची खरी ओळख पटते.

१९३७ साली अमेरिकेतील मॅसेंगिल कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध गोड, पातळ करून विकले. ते विरघळवले होते डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात. विक्रीपूर्वी त्याची परीक्षा कोणी केली नव्हती. शंभरावर माणसे दगावली. त्यांत लहान मुले पुष्कळ. मालकाने जबाबदारी झटकली. कायदाही असा दुबळा, की गुन्हा ठरला तो विषाचा नव्हे, नावाचा! ‘एलिक्झिर’ म्हणवून त्यात मद्यार्क नव्हता, एवढाच. १९३८ साली नवा कायदा झाला आणि औषध निर्धोक असल्याचे आधी दाखवणे भाग पडले.

पुढे १९८२ साली शिकागोत कुणा अज्ञाताने टायलेनॉलच्या कॅप्सुलांत सायनाइड भरले. ७ जण मेले. दोष कारखान्याचा नव्हता. तरी जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या, १० कोटी डॉलरांची झळ सोसली आणि तिहेरी मोहोरबंद वेष्टन आणले. गेलेले गिऱ्हाईक वर्षभरात बहुतांशी परतले.

परंतु याच कंपनीवर पुढे टाल्कच्या बेबी पावडरीवरून हजारो दावे गुदरले. पावडर निर्धोकच, असे ती म्हणत राहिली; पण २०२३ साली तिची विक्री जगभर थांबवली.

विश्वास नंदादीपासारखा असतो. कालच्या तेलावर तो आज जळत नाही.