मुंबईतील श्वानदंगा

इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि सनावळ्या, अशी आपणांपैकी बहुतेकांची समजूत शाळेतच झालेली असते. आणि मी स्वतः पुष्कळ वर्षे शाळेत इतिहास शिकवीत आलो असल्यामुळे त्या समजुतीचा काही दोष माझ्याही माथी येतो. परंतु राज्यकर्ते आणि प्रजा यांचे परस्परांशी नाते कसे होते हे पाहावयाचे असेल, तर पुष्कळदा रणांगणाकडे न जाता एखाद्या क्षुल्लक दिसणाऱ्या पोलिसी हुकुमाकडे जावे लागते. आज मी आपणांस अशाच एका हुकुमाची हकीकत सांगणार आहे. हा हुकूम कुत्र्यांसंबंधी होता, आणि त्यापायी १८३२ च्या जून महिन्यात मुंबईचे व्यवहार ठप्प होऊन रस्त्यावर लष्कर आणावे लागले.

त्या वेळची मुंबई डोळ्यांपुढे आणा. राज्य ईस्ट इंडिया कंपनीचे; गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर. शहराचा मुख्य भाग अद्याप कोटाच्या आत. कुलाब्याकडे जाणारा बंधारा व्हावयास अजून सहा वर्षांचा अवकाश. याच वर्षाच्या ६ जानेवारीस बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू करून मराठी वृत्तपत्रांचा पाया घातला होता. सारांश, शहर वाढत होते, श्रीमंत होत होते आणि बोलूही लागले होते. वाढत्या शहराबरोबर उकिरडे वाढतात आणि उकिरड्यांबरोबर कुत्री वाढतात, हा नियम तेव्हाही होता.

कुत्र्यांच्या बंदोबस्तासाठी सरकारने १८१३ पासून एक शिरस्ता घालून दिला होता. १५ एप्रिल ते १५ मे आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर अशा दोन मुदतींत रस्त्यांवरील बेवारशी कुत्री मारावी, असा तो शिरस्ता. मुदती वैशाखाच्या आणि आश्विनाच्या उकाड्याच्या आहेत, हे चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल. उष्म्याने कुत्री पिसाळतात अशी युरोपातही जुनी समजूत होती. तीच या तारखांच्या मुळाशी होती. १८३२ साली पोलीस मॅजिस्ट्रेटने उन्हाळ्याची ही मुदत १५ जूनपर्यंत वाढविली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. त्या काळी आठ आणे ही गरीब शिपायाला तुच्छ वाटावी अशी रक्कम नव्हती.

पुढची हकीकत सांगण्यापूर्वी सरकारच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. एरव्ही हा इतिहास एकतर्फी होईल. पिसाळलेल्या कुत्र्याचे भय खोटे नव्हते. सुश्रुताने कल्पस्थानात अलर्कविषाचे वर्णन केले आहे आणि ज्या रोग्याला पाण्याचा त्रास वाटू लागतो तो वाचत नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. १८३२ मध्ये जगातील कोणत्याही वैद्याजवळ या रोगावर उपाय नव्हता. आजही लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे मृत्यू जवळजवळ अटळच असतो.

मला हे पुस्तकातूनच ठाऊक आहे असे नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माझ्या वर्गातील एका मुलाला कुत्र्याचे एक लहानसे पिल्लू चावले. त्या काळी पोटात चौदा सुया टोचीत. त्या भयाने त्याने ती गोष्ट शाळेत कोणास सांगितली नाही, आणि घरी कळली तेव्हा जखमेवर तिखट भरून ती विसरली गेली. महिन्याभराने पाण्याचा पेला पुढे करताच तो किंचाळू लागला. त्याचे पुढे काय झाले हे सांगावयास नको. हजेरीपटावरील त्याच्या नावावर रेघ ओढताना माझा हात थरथरला होता. म्हणून कुत्र्यांची बाजू घेताना ज्या कोणास त्या मुलाचा विसर पडेल, त्याची भूतदया मला अपुरी वाटते.

आता मूळ कथेकडे वळू. ६ जून १८३२ रोजी कोटात पोलिसांचे शिपाई कुत्री मारीत हिंडत होते. माणशी नव्हे, तर कुत्र्यामागे बक्षीस असल्यामुळे बेवारशी कोणते आणि पाळलेले कोणते, हा विवेक मागे पडला होता. लोकांच्या दारातील, उंबरठ्यावरील कुत्रीही बळी पडत होती. ते पाहून पारशी मंडळींचा संयम सुटला आणि जमावाने शिपायांवर हल्ला चढविला. पारशी धर्मात कुत्र्याचे स्थान केवळ राखणदाराचे नाही. मृताच्या अंत्यविधीत प्रेतावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा ‘सगदीद’ नावाचा संस्कार आहे, आणि कुत्र्यास इजा करणाऱ्यास ‘वंदिदाद’ या धर्मग्रंथात कडक दंड सांगितले आहेत. हिंदू, जैन आणि मुसलमान यांपैकीही अनेक लोक त्यांना येऊन मिळाले. जैनांची अहिंसा सांगावयास नको. आणि ज्यांच्या घरी खंडोबाचा अथवा दत्ताचा कुलाचार, त्यांना कुत्र्याचा देवाशी संबंध काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे ७ जूनला, प्रकरण दंग्यावरून हरताळावर गेले. दुकाने बंद झाली, बाजार ओस पडला. कुलाब्यास गोऱ्या सैन्याची छावणी होती. तिकडे जाणारा खाण्याचा जिन्नस आणि पाणी लोकांनी अडविले. सरकारला खरा धक्का बसला तो येथे. चार शिपायांना मार बसणे निराळे आणि ज्या व्यापारी वर्गाच्या पेढ्यांवर कंपनीचा कारभार चालतो, त्याच वर्गाने पाठ फिरविणे निराळे. अखेर लष्कर पाचारण करण्यात आले, जमाव पांगविण्यात आला आणि पुढारी म्हणून ज्यांच्यावर ठपका होता त्यांना पकडून त्यांच्यावर खटले भरण्यात आले.

दंगा मोडला, परंतु प्रश्न सुटला नव्हता. तो सोडविण्यासाठी जमशेटजी जीजीभाईंसारखे वजनदार व्यापारी मध्ये पडले. हे जमशेटजी पुढे १८४२ मध्ये ‘सर’ झाले. सरकारकडे अर्ज गेले. लोकांनी दंगा करावयास नको होता हे खरे, तथापि हुकूमही असा असावयास नको होता, असा एकंदर त्यांचा रोख होता. सरकारनेही ताणून धरले नाही. कुत्री रस्त्यात मारण्याऐवजी ती शहराबाहेर न्यावी, अशी तडजोड निघाली. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी आणि जैन धनिक शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. भुलेश्वराच्या गर्दीतून जाताना आपण तिच्यावरून कितीदा गेला असाल. परंतु तिच्या इतिहासात या दंग्याची आठवण दडलेली आहे, हे थोड्यांस ठाऊक असते.

श्रोतेहो, या प्रकरणाची संभावना बहुतेक लेखक ‘धर्मवेडे लोक आणि समंजस सरकार’ अथवा ‘क्रूर सरकार आणि दयाळू लोक’ अशा दोहोंपैकी एका साच्यात करतात. मला दोन्ही साचे चुकीचे वाटतात. चूक हुकुमाच्या एका शब्दात होती. भय होते ते पिसाळलेल्या कुत्र्याचे. हुकूम निघाला तो बेवारशी कुत्र्याविरुद्ध. ज्याला धनी नाही तो धोकादायक, असे सरकारने गृहीत धरले. कुत्रा चावला आहे काय, पिसाळला आहे काय, हे पाहण्याचे कारणच उरले नाही. तो रस्त्यावर आहे आणि तारीख अमुक आहे, एवढा पुरावा पुरे झाला. त्यातच मुडद्यामागे आठ आणे बक्षीस ठेवल्यावर शिपायाने पिसाळलेल्या कुत्र्याच्या मागे कशासाठी जावे? तो चावतो! गरीब, माणसाळलेला, हाक मारताच शेपटी हालवीत जवळ येणारा कुत्रा मारणे सोपे आणि आठ आणे तेवढेच. म्हणजे ज्याच्यापासून भय होते तो सुटण्याचा आणि ज्याच्यापासून नव्हते तो मरण्याचा संभव अधिक, अशी ही व्यवस्था होती.

आपल्या महाभारताचा आरंभ आठवा. जनमेजयाच्या यज्ञात सरमेचा पुत्र आला असता राजाच्या भावांनी त्यास मारले. तो आईकडे रडत गेला. आणि सरमेने यज्ञमंडपात येऊन राजाला विचारले ते एवढेच, की माझ्या मुलाने हविर्द्रव्यास तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेही नाही, मग त्यास शिक्षा कोणत्या अपराधाबद्दल? या प्रश्नाला भरतकुळातील राजाजवळ उत्तर नव्हते. १८३२ च्या मुंबईने कंपनी सरकारला विचारलेला प्रश्न हाच होता.

आणि नवल असे, की ज्या वंदिदादाच्या आधारे पारशी मंडळी चिडली, त्याच ग्रंथात पिसाळलेल्या कुत्र्यासंबंधीही विधान आहे. न भुंकता चावणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात लाकडी जोखड घालून त्यास बांधून ठेवावे आणि माणसाप्रमाणे त्यास औषधोपचार करावा. तसे न केल्यास आणि त्याने मेंढरास वा माणसास जखमी केल्यास दंड व्हावा, असा त्याचा आशय आहे. भूतदया आणि बंदोबस्त या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी नाहीत, हे त्या प्राचीन स्मृतिकारांना उमगले होते.

पुढील काळात कायदा हळूहळू याच वाटेने आला. १८६० च्या दंडसंहितेच्या कलम २८९ ने कुत्र्याऐवजी त्याच्या धन्याकडे बोट दाखविले: आपल्या ताब्यातील जनावरापासून इतरांस इजा होऊ नये अशी खबरदारी न घेणाऱ्यास शिक्षा. ते तत्त्व २०२३ च्या न्याय संहितेत कलम २९१ म्हणून आले आहे. तसेच, धोकादायक जनावर मारावे, कोंडावे अथवा त्याची अन्य व्यवस्था करावी असा हुकूम देण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला १९७३ च्या प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ ने होता आणि आता २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ ने आहे. परंतु धन्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी त्यात ठेविली आहे. १८३२ चा हुकूम आणि हे कलम यांतील अंतर एवढ्या एका सुनावणीत आहे.

रोगाविरुद्धचे खरे शस्त्र मात्र कायद्याने दिले नाही. ते शास्त्राने दिले. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस टोचली आणि तो वाचला. हिंदुस्थानात १९०० मध्ये कसौलीस व १९०७ मध्ये कुन्नूरला पाश्चर संस्था निघाल्या. इकडे इंग्लंडने १८९७ पासून कुत्र्यांना मुसक्या बांधण्याची सक्ती आणि परदेशी कुत्र्यांवर निर्बंध यांच्या जोरावर १९०२ पर्यंत आपल्या बेटातून हा रोग हद्दपार केला. मुसकी बांधावयाची ती धन्याने. म्हणजे तेथेही जबाबदारी अखेर माणसावरच आली.

तथापि जुनी खोड जात नाही. १९९१ मध्ये ब्रिटनने चार जातींचे कुत्रे जातीवरूनच धोकादायक ठरविले आणि २०२३ मध्ये ‘एक्सएल बुली’ ही जात त्यात घातली. आपल्याकडेही १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारने तेवीस जातींची यादी देऊन त्यांच्या विक्रीस व पाळण्यास परवाने देऊ नयेत असे राज्यांस कळविले. एप्रिल महिन्यातच कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतले नव्हते, हे त्याचे एक प्रमुख कारण. म्हणजे पुन्हा सरमेचाच प्रश्न!

रस्त्यावरील कुत्र्यांबाबत २००१ च्या, आणि त्यानंतर २०२३ च्या नियमांनी नगरपालिकांवर निर्बीजीकरण करून व लस टोचून कुत्रे मूळ जागी सोडण्याचे कर्तव्य टाकले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या कुत्र्यांसंबंधी प्रथम सर्वांस कोंडण्याचा आणि अकराच दिवसांनी त्यात बदल करणारा हुकूम दिला. त्या बदललेल्या हुकुमात लस टोचलेली कुत्री परत सोडावी, मात्र पिसाळलेली, तसा संशय असलेली आणि आक्रमक वर्तनाची सोडू नयेत, असा भेद केला आहे. भेद योग्य आहे. परंतु ‘आक्रमक’ कोणते हे ठरविणार कोण, कोणत्या नोंदीवरून आणि कोणाचे ऐकून? ज्या नगरपालिकेजवळ चाव्यांची गल्लीवार नोंद नाही, तिच्या हाती हा शब्द दिला म्हणजे तो पुन्हा ‘बेवारशी’ या शब्दासारखाच वापरला जाण्याचे भय आहे.

म्हणून नागरिक या नात्याने आपण नगरपालिकेकडे नुसते ‘कुत्री हटवा’ किंवा ‘कुत्री वाचवा’ असे ओरडून भागणार नाही. चाव्यांची नोंद ठेवा, लस आणि सुया दवाखान्यात सदैव ठेवा, परवाने तपासा आणि धोकादायक ठरविण्यापूर्वी चौकशी करा, अशी मागणी आपण केली पाहिजे. आणि घरातल्या मुलांना एवढे अवश्य सांगा, की कुत्रा चावला, नुसता ओरखडला तरी, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, तिखट वा चुना लावू नये, त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे, आणि आईबापांपासून काही लपवू नये. आता पोटात चौदा सुया टोचीत नाहीत. दंडावर थोड्याशा सुया टोचून काम भागते.

माझ्या त्या विद्यार्थ्याला हे कोणी सांगितले नव्हते. मीही नाही.