दोन्ही अंगांनी सारखा

14 ऑगस्ट 1947, गुरुवार. अधिक श्रावणाची झड लागली आहे आणि रिसोडच्या काळ्या चिखलात तुमच्या चपला रुतताहेत. शिवारात सोयाबीन शोधू नका. अजून पऱ्हाटी आणि ज्वारीचेच दिवस आहेत. जिल्हा अकोला, मुलूख वऱ्हाड.

शिंप्याच्या ओट्यावर टेका. कंदिलाच्या उजेडात तो केशरी पट्टा पांढऱ्याला जोडतो आहे. नमुन्याला शेजारी काँग्रेसचा 1931 चा झेंडा, चरख्याचा. नवा झेंडा दिल्लीत घटना समितीनं 22 जुलैला मंजूर केला: तिन्ही पट्टे सारखे, रुंदी-लांबी दोनास तीन, मधोमध सारनाथच्या स्तंभशीर्षावरचं चक्र, गडद निळं.

"चरख्यानं काय बिघडवलं होतं गा?" शिंपी विचारतो.

तुम्ही जुना झेंडा उलटा करून दाखवता. चाक एकीकडचं दुसरीकडे गेलेलं. नेहरूंनी घटना समितीत हीच अडचण सांगितली होती: निशाण दोन्ही अंगांनी सारखं दिसलं पाहिजे. शिंपी मान हलवतो, पांढऱ्या पट्ट्यावर वाटी पालथी घालतो, खडूनं गोल काढतो आणि चोवीस आरे आखायला घेतो.

"अन् निजामाच्या निशानाचं काय?" ओट्यावरचा म्हातारा मधेच विचारतो. प्रश्न रास्त आहे. वऱ्हाडचा कारभार 1853 पासून इंग्रजांकडे, पण कागदावर धनी निजामच. 1902 मध्ये वर्षाला पंचवीस लाखांवर कायमचा पट्टा झाला; 1936 च्या करारानं इंग्रजांच्या निशाणाशेजारी निजामाचंही लावायचं ठरलं. उद्या इथे तिरंगा चढेल. दक्षिणेला काही कोसांवर, सेनगावकडे, निजामाची हद्द लागते. तिथे तोच तिरंगा गुन्हा ठरणार आहे.

पुढचं फक्त तुम्हाला ठाऊक आहे. निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या स्वामी रामानंद तीर्थांना उद्याच अटक होईल. पलीकडच्या गावांना निजाम शरण येईपर्यंत, म्हणजे 17 सप्टेंबर 1948 पर्यंत, तेरा महिने थांबावं लागेल. दिल्लीतला ठराव एका दिवसात झाला. हे कापड मात्र गावोगाव, हद्द ओलांडत, माणसांनाच न्यावं लागणार आहे.

तेवढ्यात भिजलेला एक तरुण ओट्यावर चढतो. त्याला लहान झेंडा हवा आहे, बंडीखाली मावेल असा. सेनगावकडे न्यायचा आहे.

शिंपी कापड मोजतो.

"पैसे आताच दे. तिकडं धरला गेला, त मी कोनाले मांगू?"