मरायला गेलेला डॉक्टर कामावर परततो तेव्हा

१/ साल १९२०, लंडन. किंग्ज कॉलेज हॉस्पिटल. तिशीही न गाठलेले, शल्यचिकित्सक होऊ पाहणारे रॉबिन लॉरेन्स कानामागील हाडाच्या शस्त्रक्रियेचा शवावर सराव करीत होते. हाडाची कपची उडून डोळ्यात गेली. जखम चिघळली आणि तपासणीत मधुमेह निघाला. त्या डोळ्याची दृष्टी कायमची अधू झाली, त्याबरोबर शल्यचिकित्सेची वाटही बंद झाली.

२/ त्या काळी तरुण वयातील मधुमेह म्हणजे मृत्युदंडच. उपाय एकच, उपासमारीच्या काठावरचा आहार. त्याने मरण लांबे, टळत नसे. लॉरेन्स काही काळ प्रयोगशाळेत राबले. पुढे, आप्तांच्या डोळ्यांदेखत मरण नको, म्हणून इटलीतील फ्लोरेन्सला जाऊन तेथील इंग्रज रहिवाशांवर उपचार करू लागले. मरणाची वाट पाहतानाही त्यांनी काम सोडले नव्हते.

३/ दरम्यान कॅनडातील टोरोंटो येथे १९२१ मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांना स्वादुपिंडाचा गुणकारी अर्क मिळाला होता. जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्सनला तो प्रथम टोचण्यात आला. हेच इन्सुलिन.

४/ १९२३ मध्ये लॉरेन्स यांना लंडनहून सहकारी हॅरिसन यांचा निरोप आला : इन्सुलिन मिळाले आहे, गुण येतो, त्वरित परत या. पायांतील नसा दुबळ्या झालेल्या असतानाही लॉरेन्स यांनी मोटारीने युरोप ओलांडून लंडन गाठले. ३१ मे रोजी त्यांना पहिली मात्रा मिळाली.

५/ इन्सुलिनच्या कथा बहुधा येथे संपतात. परंतु वाचलेल्या माणसापुढचा खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. जीव वाचला, आता नोकरी कशी करायची?

६/ तेव्हा काचेची सिरिंज उकळून घ्यावी लागे. साखर पाहण्यासाठी लघवी निळ्या द्रवात मिसळून तापवायची; रंग विटकरी झाला की साखर फार. इंजेक्शन घेतले की जेवण वेळेवर हवे. कामाच्या गडबडीत उशीर झाला, तर घाम, कंप, मतिभ्रम आणि प्रसंगी बेशुद्धी.

७/ शिवाय श्रमांचाही हिशेब होता. व्यायामाने इन्सुलिनचा प्रभाव वाढतो, हे लॉरेन्स यांनी १९२६ मध्ये शोधनिबंधातून मांडले. म्हणजेच खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला पुरेशी ठरणारी मात्रा अंगमेहनत करणाऱ्याला घातक ठरू शकते. मात्रा ठरवताना माणसाचे कामही विचारात घेणे प्राप्त होते.

८/ हा हिशेब रोग्याच्या हाती यावा, यासाठी त्यांनी १९२५ मध्ये ‘द डायबेटिक लाइफ’ हे पुस्तक लिहिले. आहार मोजण्याची त्यांची सोपी पद्धत पुढे घरोघरी वापरली गेली. त्यामागचा विचार साधा होता : डॉक्टर दिवसभर सोबत नसतो, रोग्यालाच आपला कारभार चालवावा लागतो.

९/ १९३४ मध्ये लेखक एच. जी. वेल्स यांच्यासह त्यांनी मधुमेहींची संघटना स्थापन केली. वेल्स स्वतः मधुमेही होते. ऐपत नसलेल्यालाही इन्सुलिन मिळावे, हा तिचा आग्रह होता. आजची ‘डायबेटिस यूके’ ती हीच.

१०/ लॉरेन्स १९६८ मध्ये निवर्तले. ज्याने मरणासाठी परगाव निवडले होते, तो माणूस इन्सुलिनवर ४५ वर्षे जगला. आणि त्यांतील बहुतेक वर्षे तो कामावर होता.