छावणीची जागा

सराई, धर्मशाळा, मुसाफिरखाना, छावणी. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याच्या मुक्कामासाठी आपल्या बोलण्यात शब्दांची वाण कधीच नव्हती. आणि हे मुक्काम बांधणाऱ्यांना एक गोष्ट न शिकवता कळत होती. मुंबईतला हाजींचा मुसाफिरखाना क्रॉफर्ड मार्केटजवळ आहे, कारण १९९५ पर्यंत हजची जहाजं मुंबई बंदरातून सुटत. गाडगेबाबांनी धर्मशाळा उभारल्या त्या पंढरपूर, नाशिक, आळंदी इथं, म्हणजे जिथं माणूस जाणार होता तिथंच. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या परगावच्या रुग्णांसाठी त्यांच्या नावानं चालणारी धर्मशाळा दादरला आहे. ती विरार-कर्जतला असती, तर तिचा कोणाला काय उपयोग झाला असता?

शहराचा कारभार मात्र हा हिशोब उलटा मांडतो. माणसाला जायचं कुठं आहे हे तो विचारत नाही. आपली कोणती जमीन रिकामी पडली आहे, एवढंच बघतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या पाडायच्या, हवा-उजेड आणायचा, हेतू चांगलाच होता. पण घरं पडत गेली त्या वेगानं नवी घरं उभी राहिली नाहीत. ज्यांचं पोट गोदीवर आणि बाजारावर होतं ते शेजारच्या गल्लीत आणखी दाटीनं राहू लागले. पुढं स्वातंत्र्याच्या सुमारास महापालिकेनं मुंबईतल्या अनेक झोपडीवासीयांना ट्रॉम्बेच्या बाजूला नेलं. तिथं जनता कॉलनी वसली. १९७६ मध्ये, आणीबाणीत, अणुशक्ती केंद्राशेजारची ही वस्तीही उठवली गेली आणि सुमारे ७० हजार माणसं आणखी पलीकडे, चीता कॅम्पात गेली. ही जागा वाचवण्यासाठी लढलेले जॉकिन अर्पुथम पुढं देशभरातल्या झोपडीवासीयांचे नेते झाले. २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या कहाणीतला सर्वांत बोलका भाग १९८१ चा आहे. १३ जुलैला मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं, की फुटपाथवर राहणाऱ्यांना उठवून त्यांच्या मूळ गावी किंवा मुंबईबाहेर पाठवलं जाईल. भर पावसात झोपड्या मोडल्या, माणसं बसमध्ये भरली. काहींना थेट तामिळनाडूच्या वाटेला लावलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांचा निकाल आला. तो लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी.

या निकालाची ख्याती एका वाक्यात सांगितली जाते : जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. खरं आहे. पण त्या तत्त्वाखालचं निरीक्षण मला जास्त मोलाचं वाटतं. माणूस फुटपाथवर राहतो तो हौसेनं नव्हे, तर काम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर असतं म्हणून. जागा गेली की कामही जातं. एवढं मान्य करूनही न्यायालयानं फुटपाथ रिकामे करायला परवानगी दिली. फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहे, तिथं घर करण्याचा हक्क कोणाला नाही, असं स्पष्ट सांगितलं. मात्र ३१ ऑक्टोबरपर्यंत, पाऊस सरून महिना होईतो, कोणाला हलवू नये असं बजावलं. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती त्यांना मालवणीला किंवा अन्य सोयीच्या ठिकाणी पर्यायी जागा द्यावी, पण ती मालवणीपेक्षा लांब नसावी, असंही म्हटलं.

इथं मी थबकतो. भायखळा ते मालवणी पंचवीसेक किलोमीटर. मालाड स्टेशनात उतरायचं आणि पुन्हा बस धरायची. भायखळ्याच्या भाजीबाजारात पहाटे पाट्या उचलणारा माणूस तिथून कसा पोहोचणार? उपजीविकेची इतकी बारीक जाण असलेल्या निकालातही अंतराची कमाल मर्यादा म्हणून मालवणीच बसली.

त्याच वर्षी स्पार्क या संस्थेनं मुंबईच्या फुटपाथवरच्या सुमारे ६ हजार कुटुंबांची गणती केली. या माणसांची अशी मोजदाद तोवर कोणी केलीच नव्हती. ही काही भिकाऱ्यांची किंवा आज आले उद्या गेले अशांची फौज नव्हती. वर्षानुवर्षं राहिलेली, कष्ट करून खाणारी बिऱ्हाडं होती. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी मग 'महिला मिलन' उभं केलं. पुढं २००० च्या सुमारास रेल्वेरुळांलगतची सुमारे ६० हजार माणसं पोलिसांच्या लाठीशिवाय हलली. याद्या करणं, बचत गोळा करणं, कोणी कुठं जायचं हे ठरवणं, हे सगळं वस्तीनं स्वतः केलं. छावणी नीट चालवणं जमतं, याचा हा मुंबईतलाच दाखला.

तरी दोन आक्षेप उरतात. पहिला असा, की तात्पुरती छावणी कायमची होते. म्हाडाच्या संक्रमण शिबिरांत उभी आयुष्यं गेलेली माणसं आहेत, तेव्हा हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. पण ती माणसं अडकली, कारण त्यांची मूळ इमारत पुन्हा उभी राहिली नाही. दोष शिबिराचा नाही, पुढच्या घराचा आहे. दुसरा आक्षेप रात्र-निवाऱ्यांचा. ते असताना छावणी कशाला? सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा बांधायला सांगितलं. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सुमारे सव्वा कोटी होती, म्हणजे सव्वाशे निवारे हवेत. तो आकडा शहरानं कधीच गाठला नाही. शिवाय बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे अशा निवाऱ्यात संसार मावत नाही, हातगाडीही मावत नाही. छावणीला लागतं काय? नळ, संडास, दिवा, कुलूप लावता येईल अशी खोपी, आणि कारभार पाहणारी रहिवाशांची समिती.

आणि जागा? मुंबईच्या पोटात जागा नव्हती असं नाही. १९९१ च्या विकास नियमावलीत बंद गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेला आणि एक तृतीयांश म्हाडाला जायचा होता. २००१ च्या दुरुस्तीनं ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती कायम ठेवली. बहुतेक जमीन मनोऱ्यांखाली गेली. पूर्व किनाऱ्यावर बंदराच्या जुन्या गोदामांची जमीन मात्र आहे. मस्जिद बंदर, डोंगरी, भायखळा तिथून पायी गाठता येतात. पूर्व किनाऱ्याच्या आराखड्यांत फेरफटक्याच्या वाटा असतात, बागा असतात. त्यांतच दोन-चार छावण्यांचे चौकोन आखायला हवेत.