माडीवरचं रडणं

परवा मुलीने मोबाईलवर एक जुनं इंग्रजी चर्चगीत लावून दिलं. थॉमस टॉमकिन्सचं, १६२२ साली छापलेलं. पाच स्वरांची रचना.

विषय बायबलमधला. अबशालोमाने बापाविरुद्ध, म्हणजे दावीद राजाविरुद्ध बंड केलं आणि तो मारला गेला. बातमी ऐकून राजा वेशीवरच्या खोलीत चढून जातो नि रडतो. एवढं सांगून झालं की पुढे उरते ती मुलाला मारलेली हाक आणि त्याचं नाव. एकाची हाक संपायच्या आत दुसरा ती उचलतो, मग तिसरा. बंडाचा, अपराधाचा शब्दही नाही.

इंग्लंडचा युवराज हेन्री नोव्हेंबर १६१२ मध्ये तापाने गेला, अवघ्या १८ व्या वर्षी. टॉमस वील्क्सनेही याच प्रसंगाला चाल लावली आहे. अभ्यासक या रचनांचा संबंध बरेचदा हेन्रीच्या मृत्यूशी जोडतात. ठाम पुरावा नाही, पण मला ते पटतं. हेन्री काही बंडखोर नव्हता. तरी हा प्रसंग निवडला असेल, तर तो गोष्टीसाठी नव्हे, हाकेसाठीच. असो.

आमचा थोरला दादा वडिलांशी भांडून घर सोडून गेला होता. १९६७ साली त्याची बातमीच आली. मी तेव्हा अकरावीत होते. वडील कुणाशी काही बोलले नाहीत, माडीवर गेले. आम्ही मागोमाग निघालो तर आईने जिन्यापाशीच अडवलं. वरून नुसतं त्याचं नाव ऐकू येत होतं. दोन वर्षं घरात कुणी ते उच्चारलं नव्हतं.